तक्रारीआधी येतो प्रश्न

एखाद्या मालाविषयी लोक इंटरनेटवर आपापसांत काय बोलू लागले आहेत, हे ते बोलणे बातमीपर्यंत पोचण्याआधी शोधून काढण्याच्या कामाला व्यापारी जगात ‘ब्रँड मॉनिटरिंग’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर आपल्या नावाचा कानोसा घेणे. साबण, शीतपेये, मोबाइल विकणाऱ्या कंपन्या यासाठी स्वतंत्र माणसे आणि महागडी सॉफ्टवेअर बाळगतात. शेतमालाच्या बाजारात मात्र हे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते. गरज तिथेच अधिक आहे. चॉकलेटचे नाव खराब झाले तर कंपनी वेष्टन बदलून सहा महिन्यांनी परत येऊ शकते. द्राक्षाचा हंगाम चार महिन्यांत आटोपतो आणि पिकलेला टोमॅटो आठवडाभरही कोणाची वाट पाहत नाही.

पिंपळगाव बसवंत हे या दृष्टीने पाहण्याजोगे गाव आहे. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर, निफाड तालुक्यात. ऑगस्टपासून दिवाळीच्या मागेपुढेपर्यंत इथल्या बाजार समितीत २० किलोच्या क्रेटमध्ये टोमॅटो येतो आणि लिलावानंतर थेट उत्तर भारतापर्यंत जातो. उन्हाळ कांदा चाळीत साठवून पावसाळाभर थोडाथोडा बाजारात उतरतो. जानेवारी ते एप्रिल हा काळ द्राक्षांचा. आजूबाजूच्या पॅकहाऊसमधून भरलेले कंटेनर न्हावाशेवा बंदरातून युरोपला रवाना होतात. या मालाला नाव आहे, पण त्या नावाला एक मालक नाही. ‘नाशिकची द्राक्षे’ आणि ‘लासलगावचा कांदा’ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी कोलकात्याच्या किंवा रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचे नाव ठाऊक नसते. त्यामुळे एका बागेतली चूक सगळ्या तालुक्याच्या नावावर जमा होते. कधी कधी तर चूक कोणाचीच नसते, तरीही होते.

२०२० ते २०२२ या तीन वर्षांत नाशिक पट्ट्यातून बाजारात जाणाऱ्या मालावर अशा चार अफवा आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो असा मजकूर, सोबत आजारी कोंबड्यांची छायाचित्रे, व्हॉट्सॲपवर फिरू लागली. केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यात तथ्य नसल्याचे सांगितले, पण तोवर गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून परत फिरले होते. मार्चमध्ये राज्यात शेडवरचा ब्रॉयलरचा भाव काही ठिकाणी किलोला १० रुपयांच्याही खाली गेला. त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटोची पाळी आली. फळावर हिरवे-पिवळे-लाल पट्टे पडून ते अर्धवट पिकते, अशा रोगाला शेतकऱ्यांनी आपल्या सोयीने ‘तिरंगा’ म्हटले होते. ऐन टाळेबंदीत वाहिन्यांवर ‘टोमॅटोवर नवा व्हायरस’ झळकले आणि पाहणाऱ्यांच्या मनात दोन व्हायरसची गल्लत झाली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरच्या मोझॅक रोगाचा जुना, परिचित विषाणू निघाला. वनस्पतींचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. पण मधल्या दिवसांतला भाव परत आला नाही.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची भीती शिगेला असताना कांद्यावरची काजळी म्हणजेच ती ‘काळी बुरशी’, असा संदेश घरोघरी पोचला. काजळी ही मातीतून आणि दमट साठवणीतून येणारी वेगळीच बुरशी आहे; चाळ भरणारा प्रत्येक शेतकरी तिला ओळखतो. पुढच्या मे महिन्यात केरळमधल्या कोल्लममध्ये लहान मुलांच्या अंगावर लाल फोड येणारा आजार दिसला आणि त्याला ‘टोमॅटो फ्लू’ नाव पडले. फोड टोमॅटोसारखे दिसतात, एवढाच टोमॅटोचा संबंध. तो आजार हात-पाय-तोंडाच्या फोडांचा, आधीपासून माहीत असलेला होता. पिंपळगावचा टोमॅटो हंगाम त्यानंतर तीन महिन्यांनी सुरू होणार होता, म्हणजे उत्तर तयार ठेवायला भरपूर अवधी होता. असा अवधी क्वचितच मिळतो आणि मिळाला तरी तो मोजणारे कोणी नसते.

कंपन्यांचा अनुभव याहून फार वेगळा नाही. त्यांना फक्त पैशाचे पाठबळ असते. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या निघाल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. तेव्हा आधी बातमी आणि मग चर्चा असा क्रम होता. गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकायला एकगठ्ठा जागाच नव्हती. कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाची मोहीम काढली, वेष्टन बदलले आणि पुढच्या वर्षी अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणले. २०१५ मध्ये मॅगीच्या वेळी क्रम उलटा झालेला दिसतो. उत्तर प्रदेशातल्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून मे महिन्यात लोक बोलू लागले, विनोद करू लागले, घरातली पाकिटे फेकू लागले. कंपनी मात्र बराच काळ माल सुरक्षित असल्याची छापील वाक्येच सांगत राहिली. ५ जून रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तपासणीची रीत कायद्याला धरून नव्हती. खटला कंपनीने जिंकला. मधल्या काळात हजारो टन मॅगी नष्ट करावी लागली होती.

या सगळ्या प्रकरणांतून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे आणि कानोशाचे बहुतेक तंत्र तिच्यावरच उभे आहे. लोक आरोपापासून सुरुवात करत नाहीत. आधी विचारतात. ‘द्राक्षावर हे पांढरे काय आहे? धुतले तरी जात नाही.’ ‘पेटीत एक कागद निघाला, तो विषारी असतो का?’ ‘कांद्याची काळी पावडर हाताला लागते, खाल्ला तर चालेल का?’ ‘टोमॅटो फ्रिजमध्ये महिनाभर टिकला, कुणाला असा अनुभव?’ असा प्रश्न बिनउत्तराचा राहिला की पुढचा माणूस त्याला आपल्या समजुतीने उत्तर देतो. त्याच्या पुढचा तेच उत्तर ठामपणे सांगतो. मग कोणीतरी चित्रफीत करतो आणि खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ असे लिहितो. प्रश्नापासून चित्रफितीपर्यंतचा काळ काही तासांचाही असू शकतो, काही आठवड्यांचाही. पण क्रम बहुधा हाच. म्हणून ‘भेसळ’, ‘विष’, ‘फसवणूक’ हे शब्द शोधणारा नेहमी उशिरा पोचतो. ‘हे काय आहे’ हे शोधणारा वेळेवर पोचतो.

वर दिलेल्या प्रश्नांची उत्तरे निफाड तालुक्यात कोणाही बागायतदाराला तोंडपाठ असतात, ही यातली गंमत. द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका थर पुष्कळदा फळाच्या स्वतःच्या मेणाचा असतो. तो शाबूत असणे हे माल फार हाताळला न गेल्याचे लक्षण. निर्यातीच्या पेटीतला कागद म्हणजे ‘ग्रेप गार्ड’: त्यातल्या सोडियम मेटाबायसल्फाइटमधून ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि लांबच्या प्रवासात करडी बुरशी धरत नाही. तो खायचा नसतो, चाटायचा नसतो, पेटी उघडल्यावर टाकून द्यायचा असतो. तासगावकडे बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे साल लवकर पाणी सोडते. ती क्रिया कोणी मोबाइलवर टिपून ‘द्राक्षे केमिकलमध्ये बुडवतात’ अशी ओळ टाकली, तर खाण्याच्या द्राक्षांचीही पंचाईत होते. माहिती गावात असते आणि प्रश्न दुसऱ्या शहरातल्या दिवाणखान्यात पडलेला असतो. दोघांची गाठ घालून देणे, एवढेच कानोशाचे काम.

हे प्रश्न पडतात कुठे? ठिकाणे बरीच आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. शहरी गिऱ्हाईक किराणा ॲपवर, मालाच्या पानाखाली, एक तारा देऊन दोन ओळी लिहिते. तिथे वाद नसतो, पण बॅचच्या तारखेपर्यंतचा तपशील मिळतो. गुगल नकाशावरच्या दुकानाच्या अभिप्रायांतही असे बरेच सापडते. यूट्यूबवर शेतीविषयक मराठी चित्रफितींच्या खाली शेतकरी आणि खाणारे एकमेकांना भेटतात, आणि व्हिडिओपेक्षा खालची बोलणी अधिक मोलाची ठरतात. फेसबुकवर शहरातल्या सोसायट्यांचे, गृहिणींचे, बागकामाचे, परदेशातल्या मराठी कुटुंबांचे गट आहेत. लंडन किंवा ॲमस्टरडॅममधल्या दुकानात भारतीय द्राक्षे आली की त्या गटांत त्यांची छायाचित्रे येतात, पाठोपाठ ‘आंबट निघाली’ किंवा ‘गावची आठवण झाली’. रेडिटवर शहरांचे आणि राज्याचे इंग्रजी वळणाचे कट्टे आहेत. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळावर पाककृतीच्या धाग्यात मध्येच कोणीतरी कांद्याविषयी विचारते आणि त्याला शांतपणे, सविस्तर उत्तरे मिळतात. अशी ठिकाणे आकाराने लहान, पण गुगलच्या शोधात ती वर्षानुवर्षे वर येत राहतात. आज दिलेले नीट उत्तर तिथे पाच वर्षांनीही कोणाच्या तरी कामी येते.

एवढ्या ठिकाणी रोज फिरणे माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून शब्द ठरवून शोध लावावे लागतात. गुगल अलर्ट ही सेवा २००३ पासून फुकट आहे: शब्द नोंदवला की नवा मजकूर दिसल्यावर ईमेल येतो. यूट्यूबवर अलीकडे टाकलेल्या चित्रफिती गाळून पाहण्याची सोय आहे, एक्सवर तारखेप्रमाणे शोधता येते. अवघड भाग सोयीचा नाही, शब्दांचा आहे, आणि तिथे महाग सॉफ्टवेअरही अडखळते. सॉफ्टवेअर ‘द्राक्ष’ शोधते. लोक ‘द्राक्षं’, ‘द्राक्षे’, ‘अंगूर’ लिहितात, आणि पुष्कळ लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, तेही प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. ‘पिंपळगाव’ कोणी अनुस्वार देऊन लिहितो, कोणी न देता. रोमन लिपीत शेवटी ‘गाव’, ‘गांव’, ‘गाओन’ अशी तिन्ही रूपे भेटतात. शिवाय पिंपळगाव एकच नाही. बुलढाण्यात पिंपळगाव राजा आहे, पाचोऱ्याजवळ पिंपळगाव हरेश्वर आहे, जुन्नर तालुक्यात पिंपळगाव जोगे हे धरण आहे. नुसते गावाचे नाव टाकले तर धरणाचा पाणीसाठा आणि यात्रेचे फोटो येऊन पडतात. ‘बसवंत’ हा शब्द जोडला की गाळ कमी होतो, पण मग ‘पिंपळगावचा टोमॅटो’ एवढेच लिहिणारा निसटतो. जाळे मोठे विणले तर कचरा, बारीक विणले तर मासा जातो. दोन्हींतला मध्य हंगामागणिक नव्याने शोधावा लागतो.

कांद्याच्या बाबतीत ही अडचण टोकाला जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात ‘नाशिक कांदा’ शोधणाऱ्याला दिवसाकाठी शेकडो नोंदी दिसल्या असतील, आणि जवळजवळ सगळ्या राजकारणाच्या. मालाविषयीचे बोलणे त्यांच्या खाली गाडले जाते. अशा वेळी मुख्य शब्दापेक्षा सोबतचे शब्द कामाला येतात: कोंब, काजळी, सडका, वास, ओला, पाणी सुटले, परत केला. हे शब्द राजकीय मजकुरात सहसा येत नाहीत. द्राक्षासाठी आंबट, मणी गळती, देठ काळा, तडकलेले, पांढरे, कागद, घसा. टोमॅटोसाठी टणक, पट्टे, आत हिरवा, साल जाड. असे शब्द शहरातल्या जाहिरात संस्थेतून येत नाहीत. ते अडत्याच्या गाळ्यावर, पॅकहाऊसच्या परत आलेल्या मालाच्या वहीत आणि घरातल्या बायकांच्या बोलण्यात असतात, आणि यादी करायला बसणाऱ्याने तिथूनच सुरुवात केलेली बरी. त्यांना ‘का’, ‘कसे’, ‘चालेल का’, ‘कुणाला अनुभव’ ही प्रश्नाची शेपटी जोडली की शोध नेमका होतो.

लवकर कळण्याला निर्यातीच्या द्राक्षात जेवढी किंमत आहे तेवढी बहुधा दुसऱ्या कोणत्याच मालात नसेल. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे जहाज तीन-साडेतीन आठवड्यांत पोचे. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून जायची वेळ आली आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. म्हणजे मार्चच्या अखेरीस तिकडच्या दुकानात जो घड दिसतो तो इकडे फेब्रुवारीत तोडलेला असतो, आणि मधल्या काळात भरलेले कितीतरी कंटेनर अजून पाण्यावरच असतात. पहिल्या पेटीतली खोट चार दिवस आधी कळली तर निदान पुढच्या तोडीची, पॅकिंगची आणि प्रीकूलिंगची रीत सुधारता येते, आणि वाटेतला माल कोणत्या गिऱ्हाइकाकडे वळवायचा याचा विचार करता येतो. आयातदाराचे अधिकृत पत्र येईपर्यंत थांबले तर हंगाम उरत नाही.

उशिरा कळण्याची किंमत जिल्ह्याने मोजलेली आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला. त्यातून उर्वरित अंश तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि पुढे २००६ मध्ये अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ आली, जिच्यामुळे पेटीवरच्या क्रमांकावरून बागेपर्यंत माग काढता येतो. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतले ‘सीसीसी’ निघाले आणि युरोपात माल अडकला. वेलीची फाजील वाढ रोखायला वापरले जाणारे हे संजीवक तेव्हा इकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. यादीत नसलेली गोष्ट यंत्राला दिसत नाही. तिचा सुगावा माणसांच्या बोलण्यातूनच लागू शकतो.

सरकारी सूचनाफलक हेही बोलण्याचेच एक ठिकाण आहे, फक्त तिथे बोलणारा अधिकारी असतो. युरोपीय संघाची अन्नधोक्याची जलद इशारा यंत्रणा १९७९ पासून चालते आणि तिची नोंदवही आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येते: कोणता माल, कोणत्या देशाचा, काय सापडले. एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा केंद्राने एमडीएच आणि एव्हरेस्टच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याची सूचना काढली. भारतात त्याविषयी गदारोळ झाला तो महिन्याच्या उत्तरार्धात, सिंगापूरनेही पाऊल उचलल्यावर. मधले दिवस ज्याने तो फलक वाचला त्याचे होते. द्राक्ष निर्यातदाराने हंगामात आठवड्यातून एकदा युरोपची नोंदवही उघडून ‘भारत’ आणि ‘द्राक्षे’ असे गाळून पाहणे हे फेसबुकवर तासभर घालवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

उलट बाजूने, ऐकण्याची बरीच दारे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. ट्विटरने (आताच्या एक्सने) फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या डेटाचा फुकट पुरवठा थांबवण्याची घोषणा केली, रेडिटने जुलै २०२३ पासून त्याचे पैसे लावले, आणि फेसबुकवर काय पसरते आहे हे दाखवणारे क्राउडटँगल हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. छोट्या संस्थांना परवडणारी साधने त्यामुळे घटली. व्हॉट्सॲपचे तर दारच नाही. २०१६ पासून तिथले संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत, आणि ते योग्यही आहे. कंपनीने भारतात जुलै २०१८ मध्ये एका वेळी पाच चॅटमध्येच संदेश पुढे ढकलण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. पसरण्याचा वेग त्याने कमी होतो, पण काय पसरते आहे हे बाहेरच्याला तरीही दिसत नाही.

यावर काही जण खोटी नावे घेऊन गटांत शिरतात. हा मार्ग वाईट आहे आणि कुचकामीही. लोकांच्या खासगी बोलण्यात चोरून बसलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, कारण तोंड उघडले की पकडला जातो. शेतकरी उत्पादक कंपनीला याची गरजही नसते. तिचे सभासद, त्यांच्या पुण्या-मुंबईतल्या लेकी-सुना, ड्रायव्हर, किरकोळ विक्रेते हे सगळे आपापल्या गटांत आधीच असतात. त्यांना एवढेच सांगून ठेवायचे की आपल्या मालाविषयी शंका किंवा चित्रफीत दिसली तर ती पुढे ढकलू नका, या एका क्रमांकावर पाठवा. फिरलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण दाखवते. ती खूण असलेला मजकूर दोन वेगवेगळ्या शहरांतून एकाच दिवशी आला, तर ती गोष्ट त्याच दिवशी हाती घ्यायची.

सापडलेल्या प्रत्येक बोलण्यामागे धावणे शहाणपणाचे नाही. एकाच माणसाने दहा ठिकाणी लिहिलेले एकच असते. तीन अनोळखी माणसांनी तीन शहरांतून स्वतःच्या शब्दांत लिहिलेले मात्र तीनच असूनही जड असते, विशेषतः पॅकिंगची तारीख किंवा दुकानाची साखळी एक निघाली तर. शब्दांची नक्कल हे अफवेचे लक्षण, शब्दांचा वेगळेपणा अनुभवाचे. आकड्यापेक्षा नेहमीच्या प्रमाणात झालेला फरक पाहावा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात द्राक्षे आंबट असल्याची बोलणी दरवर्षीच होतात, कारण घाईने तोडलेला माल दरवर्षीच बाजारात येतो. तीच बोलणी मार्चच्या मध्यात झाली तर कुठेतरी बिघडले आहे. हा फरक ओळखायला मागच्या हंगामाची वही लागते. तारीख, ठिकाण, नेमके शब्द, माल, गाव आणि पुढे काय झाले, एवढे रकाने असलेली साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. लिहिणाऱ्याचे नाव-फोन त्यात साठवायचे कारण नाही. तक्रारीचा माग घ्यायचा असतो, माणसाचा नाही.

उत्तर देताना कंपन्यांनी केलेल्या चुका शेतमालवाल्यांना फुकट शिकता येतात. कुरकुऱ्यांत प्लास्टिक असते, ही अफवा वर्षानुवर्षे फिरत राहिली. २०१८ मध्ये पेप्सिको ती हटवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा हटवायच्या पोस्टची संख्या हजारांत पोचली होती. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवर रेवंत हिमतसिंगका यांनी चित्रफीत केली. कंपनीने कायदेशीर नोटीस दिली, त्यांनी चित्रफीत काढून टाकली, आणि त्या नोटिशीमुळे ती आणखीच गाजली. त्यातला मुख्य प्रश्न साखर किती, हा होता, आणि त्याचे उत्तर डब्याच्या पाठीवर छापलेले होते.

म्हणून जिथे प्रश्न विचारला गेला तिथेच, खऱ्या नावाने, आपण कोण हे सांगून, दोन-तीन वाक्यांत उत्तर द्यावे आणि शक्यतो फोटो जोडावा. चूक असेल तर चूक म्हणावे, बॅच सांगावी, बदली माल द्यावा. स्वतःच्या माणसांकडून तारांकित कौतुक लिहवून घेऊ नये. खोट्या अभिप्रायांविरुद्ध भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे. ते ऐच्छिक म्हणून आले असले तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ऐच्छिक नाही. आणि जिथे उत्तर शास्त्राचे आहे तिथे शेतकऱ्याने स्वतःच्या शब्दावर सगळे पेलू नये. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कांद्यासाठी निफाड तालुक्यातच चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान आहे. काजळी, ग्रेप गार्ड, मण्यावरचा थर, पट्टे पडलेला टोमॅटो अशा नेहमीच्या शंकांवर त्यांच्याकडून तपासून घेतलेली अर्ध्या पानाची मराठी आणि हिंदी उत्तरे हंगामाआधीच तयार ठेवली, तर ऐनवेळी शब्द जुळवत बसावे लागत नाही.

राहतो प्रश्न खर्चाचा आणि मालकीचा. मोठी उत्पादक कंपनी किंवा निर्यातदार आपल्या नावाचा कानोसा स्वतः घेऊ शकतो. ‘पिंपळगावचा टोमॅटो’ या बिनमालकी नावासाठी ते काम बाजार समितीनेच करायला हवे, कारण त्या नावावर होणाऱ्या प्रत्येक लिलावाचा सेस तिच्याकडे जमा होतो. टोमॅटोच्या हंगामात एक मोबाइल सफाईने वापरणारा मुलगा किंवा मुलगी आणि दिवसाचा एक तास, एवढे पुरे. द्राक्षवाल्यांनी तर यंदाच्या पेट्यांवर ‘काही शंका असल्यास फोटो इथे पाठवा’ या ओळीसह एक व्हॉट्सॲप क्रमांक छापून घ्यावा. लेबल तसेही छापायचे असतेच. त्या एका ओळीला वेगळा खर्च येत नाही.